सोमवार, बुधवार, शुक्रवार

३ सप्टेंबर २०२५ रोजी माझ्या यजमानांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला एक वर्ष पूर्ण झाले. वर्षाच्या तपासणीसाठी आम्ही पुण्याला गेलो, मूत्रपिंड नीट चालले नाही की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.३ आले, आणि परतीच्या एसटीत मी ठरवले की हे सगळे एकदा नीट लिहून काढायचे. जून २०२३ मध्ये डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसले असताना मला दोन गोष्टी कळत नव्हत्या. कोणता कागद कुठे मिळतो हे कळत नव्हते आणि देवाशी काय बोलावे हेही कळत नव्हते. त्या दिवसांत दोन्ही शोध एकाच वेळी चालले होते, त्यामुळे येथेही ते एकत्रच येतील.

आम्ही नगरचे, आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली येथे आले, आणि आमच्या घरात ख्रिस्ती विश्वासाची ही पाचवी पिढी आहे. ‘उपासनासंगीत’ हे आमचे ख्रिस्ती गीतांचे पुस्तक आम्हां भावंडांना वाचायला येण्याआधीच तोंडपाठ झाले होते, त्यातली ना. वा. टिळकांची गीते तर विशेष. देव चांगला आहे हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा म्हटले होते की त्याचा अर्थ कधी तपासून पाहण्याची वेळच आली नव्हती. यजमानांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे, मी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगी तेव्हा बारावीत आणि मुलगा नववीत होता.

मे २०२३ पासून त्यांना सकाळी उठल्यावर उलट्या होत होत्या, संध्याकाळी पाय सुजत होते आणि अंगाला खाज सुटत होती. आम्ही पित्ताचे औषध घेत राहिलो. १६ जूनला रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन ११.२, हिमोग्लोबिन ७.१ आणि रक्तदाब १९०/११० होता. डॉक्टरांनी सांगितले की मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही आणि पाठदुखीसाठी दुकानातून आणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी त्यात भर घातली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा, एवढी विनंती मी येथेच करून ठेवते.

१९ जूनला, सोमवारी, मानेत तात्पुरती नळी घालून पहिले डायलिसिस झाले. तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे आठवड्याचे तीन दिवस आमचे राहिले नाहीत. प्रत्येक वेळी चार तास मशीनवर, त्याआधी वजन, त्यानंतर वजन, आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत अंगात त्राण नाही. मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही, कारण तिच्यातून जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. म्हणून जुलैमध्ये डाव्या मनगटापाशी रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला तयार केला. त्याला १८,००० रुपये लागले आणि तो वापरण्याजोगा व्हायला दोन महिने गेले. ज्या हाताला फिस्टुला होणार आहे त्या हातातून रक्त काढू देऊ नये, सलाईन लावू देऊ नये आणि त्या हातावर रक्तदाबही मोजू देऊ नये, हे आम्हांला एका जुन्या रुग्णाने सांगितले. रोज सकाळी त्या जागी बोट ठेवून आत थरथर जाणवते का, हे पाहायचे असते. ती थरथर म्हणजे फिस्टुला चालू आहे. मी रोज बोट ठेवायचे, आणि बऱ्याच दिवशी माझी सकाळची प्रार्थना तेवढीच असायची.

पहिल्या सहा डायलिसिसचे प्रत्येकी १,५०० रुपये आम्ही खिशातून भरले, कारण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी यायला तेवढे दिवस लागले. आमची शिधापत्रिका केशरी होती, परंतु तिच्यावर यजमानांचे नाव एका प्रकारे आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे होते. रुग्णालयात या योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्रांनी सगळे कागद समोर पसरून कुठे काय जुळत नाही ते पेन्सिलीने खुणा करून दाखवले. शिधापत्रिका दुरुस्त होण्यातच हे दिवस गेले. घरात कोणी आजारी नसताना, शांतपणे, सगळ्यांची नावे सगळ्या कागदांवर सारखी आहेत का हे तपासून ठेवावे. आणखी एक गोष्ट अशी की एखादे रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तेथला प्रत्येक उपचार योजनेत आहे असे नसते. आपल्याला हवा असलेला उपचार त्या रुग्णालयात योजनेखाली होतो का, असे स्पष्ट विचारावे.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक येऊ लागले. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब आणि पाळकीणबाई पहिल्याच आठवड्यात आले, महिला मंडळाने बुधवारचा डबा आपल्याकडे घेतला. लोक प्रेमाने शहाळी आणि केळी आणत. या आजारात रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून या दोन्ही गोष्टी वर्ज्य असतात, आणि हे आणणाऱ्याला न दुखवता सांगणे फार कठीण जात असे. मी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला शिकले.

येणाऱ्यांपैकी काहींच्या बोलण्याने मात्र मन सोलून निघाले. घरात कोणाचे काही गुप्त पाप आहे का, असे एकाने विचारले. देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांचीच परीक्षा घेतो, असे दुसऱ्याने सांगितले आणि चहा घेऊन तो निघून गेला. बायबलमधल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून होते, तोपर्यंत त्यांचे वागणे बरोबर होते. बोलायला लागल्यावर ते चुकले आणि शेवटी देवाने त्यांनाच बोल लावला. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एका नातलगाच्या आग्रहावरून आम्ही दुसऱ्या गावी, प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या एका आरोग्यसभेला गेलो. तेथील उपदेशकाने यजमानांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि खरा विश्वास असेल तर मशीनचा आधार सोडा, असे सर्वांसमक्ष सांगितले. आम्ही भोळे होतो असे मी म्हणणार नाही. आम्ही थकलो होतो. त्या शुक्रवारी यजमान डायलिसिसला गेले नाहीत, आणि मीही त्यांना अडवले नाही. शनिवारी रात्री दोन वाजता त्यांना आडवे होता येईना, छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज येऊ लागला, ओठ काळेनिळे पडले. अतिदक्षता विभागात पहाटे तातडीने डायलिसिस करून साडेतीन लिटर पाणी काढावे लागले. तीन दिवसांचे बिल ३८,००० रुपये झाले. आम्ही मुकलेले ते एकमेव सत्र.

त्या तीन दिवसांत मी देवावर रागावले. इतकी वर्षे मला वाटत होते की तक्रार म्हणजे अविश्वास, आणि चांगल्या ख्रिस्ती बाईने तक्रार करू नये. अतिदक्षता विभागाच्या बाहेर मोबाइलवर मी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली ती स्तुतीसाठी नव्हे, भांडणासाठी, आणि पाहते तो काय, माझ्याआधी कितीतरी जण भांडून गेले होते. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘किती काळ’ या प्रश्नाने होते आणि दोन ओव्यांत तो चार वेळा विचारला जातो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारात संपते, त्याच्या शेवटी सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवले आहे, आणि त्यातला माणूस ज्याच्याविरुद्ध बोलतो त्याच्याशीच बोलतो. ज्याच्या चांगुलपणाची आशाच उरली नाही त्याच्याकडे कोणी फिर्याद घेऊन जात नाही, हे मला त्या पहाटे प्लास्टिकच्या खुर्चीवर कळले. पाळकसाहेब सकाळी सहाला आले. मी त्यांना सांगितले की मला प्रार्थना करता येत नाही. ते म्हणाले, “बाई, तुम्ही नका करू. आज तुमच्या वाटची मी करतो.” त्यांनी आम्हांला रागावून काहीही म्हटले नाही. पुढे एकदा मात्र त्यांनी उपदेशात सांगितले की हिज्कीया राजा बरा व्हावा म्हणून यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला लावले होते आणि पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, तेव्हा औषधाला विश्वासाचा शत्रू ठरवू नये. ते आमच्यासाठी होते हे आम्हांला समजले.

त्या वर्षी २५ डिसेंबर सोमवारी आला. सकाळी सहाच्या पाळीला डायलिसिस करून आम्ही साडेदहाच्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसलो, हाताला पट्टी तशीच होती. पण मला त्याहून अधिक आठवतो तो २९ मार्च २०२४ चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना असते, आणि यजमानांची पाळी नेमकी अकरा ते तीन होती. तरुण संघातल्या एका मुलाने देवळातून फोन लावून दिला. आम्ही दोघांनी एकेक इअरफोन कानात घातला. बाहेर ऊन तापलेले होते. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाला किती पाणी चालेल हे ठरवून दिलेले असते. त्यांना ८०० मिलिलिटर, त्यात चहा, आमटी, औषधाबरोबरचे घोट सगळे आले. मी रोज सकाळी एका बाटलीत तेवढेच पाणी भरून ठेवत असे आणि ते दुपारी तीनलाच संपत असे. मग संध्याकाळी बर्फाचा एखादा खडा. चौथा उद्गार झाला, देवाने त्याग का केला असे विचारणारा, आणि तो बाविसाव्या स्तोत्रातला आहे हे मी मनात म्हटले. पाचवा उद्गार सुरू झाला. “मला तहान लागली आहे.” यजमानांनी कानातला इअरफोन काढला आणि माझ्या हातात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते मला म्हणाले, “त्याला ठाऊक आहे गं.”

आमच्या दुःखाचे कारण आम्हांला त्या दिवशी कळले नाही, आजही कळलेले नाही. परंतु देवाच्या चांगुलपणाचा मी जो अर्थ धरून बसले होते, की तो आपल्या माणसांना त्रासापासून दूर ठेवतो, तो माझ्या हातून त्या खोलीत सुटला. ज्याला तहान लागली तो देव आम्हांला पुरेसा वाटला.

प्रत्यारोपणाची तयारी ऑक्टोबर २०२३ पासूनच चालू होती. प्रथम पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवले. मेंदूमृत व्यक्तीचे अवयव अशा केंद्रांमार्फत वाटले जातात. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रे आहेत. घरचा दाता मिळण्याची शक्यता असली तरी या यादीत नाव लवकर घालावे. घरात सासूबाई पुढे आल्या, पण त्या ६८ वर्षांच्या आणि रक्तदाबाच्या रुग्ण. धाकट्या भाऊजींना तपासणीतच मधुमेह निघाला. यजमानांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह, म्हणजे माझे मूत्रपिंड त्यांना चालण्यासारखे होते. जानेवारीपासून माझ्या तपासण्या सुरू झाल्या: चोवीस तासांची लघवी, साखरेची चाचणी, दोन्ही मूत्रपिंडे किती काम करतात याचे स्कॅन, रक्तवाहिन्यांचे सीटी, मॅमोग्राफी, स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आणि शेवटी दोघांचे रक्त एकत्र करून पाहण्याची क्रॉसमॅच चाचणी. या सगळ्याला चार महिने आणि सुमारे ७२,००० रुपये लागले.

या फेऱ्यांत आम्ही कधी कधी दौंडमार्गे रेल्वेने जात असू. वाटेत केडगाव लागते, नगरला लागून असलेले नव्हे, दौंड तालुक्यातले, जेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ते स्टेशन गेले की मला रमाबाईंचे आयुष्य आठवायचे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच पती गेले, आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमाही गेली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः वारल्या. त्या अखेरच्या वर्षांत त्या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. इतके गमावलेली बाई देवाला चांगला म्हणते तेव्हा ते शब्द उसने नसतात. मी लहानपणापासून जे वाक्य म्हणत आले होते ते माझ्याकडे उसने होते, हे मला त्या गाडीत बसून जाणवत असे.

कागदांची खरी अडचण पुढे होती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. त्यात पती-पत्नी जवळच्या नातलगांत मोडतात, मात्र नाते सिद्ध करावे लागते. विवाहाचे प्रमाणपत्र, लग्नातला फोटो, मुलांसह कुटुंबाचा फोटो, आईवडिलांची नावे असलेले मुलांचे जन्मदाखले, आणि दोघांची ओळखपत्रे असे सगळे लागते. आमचे लग्न २००१ साली नेवासे तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या देवळात झाले. तेथल्या विवाहाच्या नोंदवहीत यजमानांचे नाव मराठी बायबलप्रमाणे ‘शमुवेल’ असे आहे आणि आधार कार्डावर ‘सॅम्युअल’ आहे. माझे नाव अर्थातच माहेरचे आहे. प्रत्यारोपण समन्वयकांनी नम्रपणे सांगितले की कागदावर ही दोन वेगळी माणसे दिसतात.

आम्ही माहेरी गेलो. तेथले पाळक नवे होते. त्यांनी पेटीतून जुन्या नोंदवह्या काढल्या, आणि तासाभराने आमचे पान सापडले. कडेला पाणी लागून कागद तपकिरी झाला होता. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, त्यांतली एक माझ्या वडिलांच्या मित्राची आणि दुसरी यजमानांच्या मामांची, दोघेही आता हयात नाहीत. त्यावर माझी स्वतःची सही होती, तेवीस वर्षांपूर्वीची, गोल गोल अक्षरांतली. सुखात आणि दुःखात, आजारीपणात आणि आरोग्यात, असे आपण वचन देतो तेव्हा आजारीपण हा शब्द तोंडातून किती सहज निघून जातो. पाळकांनी शिक्कामोर्तब केलेला उतारा दिला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करून घेतले आणि राजपत्रात नावाच्या बदलाची जाहिरातही दिली. यात सहा आठवडे गेले. ज्यांची लग्ने देवळात झाली आहेत त्यांनी उताऱ्याची प्रमाणित प्रत आणि लग्नाचे दोन-तीन फोटो घरात सांभाळून ठेवावेत. गावोगावच्या नोंदवह्या ओलीत आणि वाळवीत जात आहेत, म्हणून मंडळीच्या कमिट्यांनी त्यांचे स्कॅन करून ठेवणे फार गरजेचे आहे.

शस्त्रक्रियेचा अंदाज साडेसात लाखांचा होता. जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे, पण आम्ही निवडलेल्या रुग्णालयात प्रत्यारोपण त्या योजनेखाली होत नव्हते. ते धर्मादाय न्यासाचे असल्याने दुसरा मार्ग होता. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या असतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३,६०,००० रुपये आहे. सेतू केंद्रातून अर्ज करून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला. पहिल्या भेटीत खाटा शिल्लक नाहीत असे तोंडी सांगण्यात आले. तेव्हा आम्ही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली आणि वैद्यकीय समाजसेवकांना भेटलो, आणि तीन आठवड्यांनी सवलत मंजूर झाली. तोंडी नकारावर कधीही परत फिरू नये. शांतपणे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उरलेले पैसे दुकानातले एक यंत्र विकून, माझ्या दोन बांगड्या मोडून, नातलगांकडून आणि मंडळीच्या वर्गणीतून उभे राहिले. वर्गणीच्या पाकिटांत एक पाकीट देवळाची साफसफाई करणाऱ्या मावशींचे होते. त्यात दोनशे रुपये होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयाच्या समितीने आमच्या मुलाखती घेतल्या. मला एकटीला आत बोलावले. घरून दबाव आहे का, कोणी पैसे देऊ केले का, नकार दिलात तर काय होईल असे वाटते, असे त्यांनी विचारले. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकांचे प्रमाण जास्त आहे, म्हणून हे प्रश्न खोलात जाऊन विचारले जातात आणि ते योग्यच आहे. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेता येते, हे येथे वाचणाऱ्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवावे. कोणी आत्मयज्ञाची वचने दाखवून भरीस घालत असेल तर डॉक्टरांना एकांतात सांगावे. ते तुम्हांला सांभाळून घेतात. मी उत्तर दिले की मला भीती वाटते, पण मला द्यायचे आहे. हे दोन्ही त्या क्षणी खरे होते.

याच काळात, जुलैच्या शेवटी, आमच्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा गेला. तो पाथर्डी तालुक्यातला, २६ वर्षांचा. त्याची आई त्याच्यासोबत सकाळच्या एसटीने यायची, आणि आम्ही दोघी चार-चार तास एकाच बाकावर बसून वर्षभर डबा वाटून खाल्ला होता. ती आषाढीला उपास करायची आणि मी प्रार्थना करायचे. एकमेकींच्या मुलाबाळांसाठी काय मागतो हे आम्ही एकमेकींना सांगत असू. शुक्रवार ते सोमवार हे दोन दिवसांचे अंतर डायलिसिसच्या रुग्णाला सर्वांत धोक्याचे असते. रविवारी रात्री त्याचे हृदय बंद पडले. सोमवारी त्याच्या खाटेवर दुसरा रुग्ण होता. आमची मंजुरी जवळ आलेली असताना ही बातमी आली, आणि प्रार्थना सभेत जेव्हा बहिणी म्हणाल्या की देव किती चांगला आहे, तुमचे सगळे जुळून येत आहे, तेव्हा माझ्या तोंडून आमेन निघाले नाही. आमच्या यशाने देव चांगला ठरत असेल, तर त्या माउलीच्या घरी तो कोण ठरतो? या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी तो प्रश्न देवाजवळच ठेवला आहे, आणि ठेवायला दुसरी जागा मला ठाऊक नाही.

२ सप्टेंबर २०२४ ला, सोमवारीच, शेवटचे डायलिसिस झाले. माझ्या वहीतल्या नोंदीप्रमाणे ते एकशेनव्वदावे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला आत नेले. दुर्बिणीतून माझे डावे मूत्रपिंड काढले. डाव्याची नीला लांब असते म्हणून बहुधा तेच घेतात. यजमानांची जुनी मूत्रपिंडे आहेत तेथेच राहतात, नवे पोटाच्या खालच्या बाजूला उजवीकडे बसवतात. शुद्धीवर आले तेव्हा खांद्यात विचित्र कळ होती, ती पोटात भरलेल्या वायूमुळे येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. संध्याकाळी परिचारिका माझ्या उशाशी आल्या आणि म्हणाल्या, “ताई, साहेबांची बॅग भरली. दोनदा ओतली.” चौदा महिने त्यांना जेमतेम कपभर लघवी होत होती. दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून काचेपाशी नेले. खाटेच्या कडेला ती पिशवी टांगलेली होती, फिक्या पिवळ्या रंगाची, आणि नळीतून थेंबामागून थेंब पडत होता. मी किती वेळ त्या थेंबांकडे पाहत राहिले ते मला सांगता येणार नाही. यजमानांनी आतून पाण्याचा ग्लास उचलून मला दाखवला. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितले होते.

मला पाचव्या दिवशी सोडले, ७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला. यजमान १३ तारखेपर्यंत विलगीकरणात होते आणि रात्री दुरून ढोलताशाचा आवाज येत असे. त्यानंतर तीन महिने आम्ही रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहिलो, भाडे महिना ९,००० रुपये. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्ततपासणी असते, तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी हा खर्च आधीच धरून ठेवावा. ऑक्टोबरमध्ये मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे स्टेंट, काढली. नोव्हेंबरमध्ये क्रिएटिनिन अचानक २.१ वर गेले, बायोप्सी झाली, तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शने दिली आणि ते खाली आले. त्या तीन दिवसांत मी पुन्हा तेरावे स्तोत्र वाचले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि इतर औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांचा खर्च सध्या महिन्याला १२,००० रुपयांच्या आसपास आहे. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, पाच मिनिटेही इकडेतिकडे करायची नाहीत. एकाच कंपनीचे औषध घ्यावे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, आणि पंधरा दिवसांचा साठा नेहमी घरात असावा.

या सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही देवळात उपकारस्तुतीचे पाकीट दिले. आमच्याकडे अशा वेळी उभे राहून साक्ष देण्याची पद्धत आहे. यजमान उभे राहिले, त्यांनी आभार मानले आणि खाली बसले. मी पाळकसाहेबांना आधीच विनंती केली होती, त्याप्रमाणे त्या दिवशी शास्त्रपाठात तेरावे स्तोत्र वाचले गेले, चारही ‘किती काळ’ यांसह. पाकिटावर कारण लिहायची जागा असते. तेथे मी प्रत्यारोपणाचे वर्ष असे लिहिले, आणि त्याखाली पाथर्डीच्या त्या मुलाचे नाव लिहिले.

त्याच्या आईचा फोन अजूनही सोमवारी येतो, आमच्या पाळीच्या वेळेलाच. ती आधी माझ्या यजमानांनी पाणी किती प्यायले ते विचारते आणि मग आपल्या मुलाविषयी बोलते. मी ऐकत असते.